हात आधी, आवाज मागसून

वेंगुर्ले, आषाढ, शनिवार. रात्रीचे साडेअकरा.

आज काकांच्या पखवाजाचं रेकॉर्डिंग झालं. चार संध्याकाळी गेल्या, पण झालं.

आमच्या साउंड कार्डाला इनपुट दोनच. काल त्यांत बुवांचा गळा आणि पेटी घेतली. पखवाजाला दोन माइक हवेत, डाव्या पुडीला (चामड्याच्या तोंडाला) एक, उजव्या पुडीला एक. म्हणून काकांनी आज हेडफोनमध्ये कालचं भजन ऐकत साथ करायची, असं ठरलं होतं.

कार्ड माझ्या लॅपटॉपच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला लगेच कळलं. यूएसबी ऑडिओचे ठरलेले नियम पाळणारं कार्ड असलं की वेगळा ड्रायव्हर लागत नाही, लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, आवाजाचा भाग आल्सा ते सांभाळतो. घोळ झाला तो माइकचा. एक फक्त डाव्या कानात, दुसरा फक्त उजव्या. आवाजाची ने-आण करणारं पाइपवायर दोन इनपुटना एकच स्टिरिओ जोडी धरून चाललं होतं. पावुकंट्रोल या आवाजाच्या सेटिंगच्या खिडकीत कार्डाचं प्रोफाइल 'प्रो ऑडिओ' केलं, तेव्हा दोन्ही वेगवेगळे मिळाले. मग घरघर. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर घेतला, तशी गेली. आमच्या घराचं अर्थिंग जुनं आहे, ते पावसाळ्यानंतर करून घ्यायलाच हवं.

मी हे पहिल्यांदा करायला बसलो ते २०१५ साली. तेव्हा रेकॉर्डिंगसाठी जॅक हे सॉफ्टवेअर सुरू केलं की रोजचा आवाज सांभाळणारा पल्सऑडिओ मुका व्हायचा, एकाला कार्ड दिलं की दुसऱ्याला नाही. पाइपवायरने दोघांचंही काम अंगावर घेतलं. विम टेमन्सने सुरू केलेल्या त्या प्रकल्पाची १.० आवृत्ती २०२३ मध्ये आली. या लोकांचे मला मनापासून आभार मानावेसे वाटतात. त्यांनी मोकळेपणाने देऊन टाकलेलं काम आज आमच्या माजघरात उपयोगी पडलं.

काकांनी कणीक मळून घेतली. डाव्या पुडीच्या मधोमध गोळा थापला, ओल्या बोटांनी कडा पातळ केल्या, एक थाप मारली, मान हलवली, चिमूटभर काढली, पुन्हा थाप. पाच-सहा वेळा तरी. मग उजवी पुडी पेटीच्या स्वरात आणायला लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी. मी हात आखडून बसून राहिलो. या कामात घाई केलेली त्यांना चालत नाही.

भजन सुरू केलं. दोन आवर्तनं झाली आणि त्यांनी हेडफोन काढला.

"झिला, हात आधी पडता आणि आवाज मागसून येता."

बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे जेवढे नमुने एका दमात हाताळतो तो आकडा, १०२४ वर होता. ४८००० हर्ट्झला १०२४ नमुने म्हणजे २१ मिलिसेकंदांच्या वर, आणि आवाज आत यायला एकदा, बाहेर पडायला पुन्हा एकदा. गाणाऱ्याला कदाचित चाललं असतं. पखवाजाच्या थापेला नाही चालत. काका त्या उशिराची वाट बघत वाजवत होते, म्हणून ठेका जड होत होता. बफर १२८ केला तर माझ्या जुन्या लॅपटॉपवर तडतड सुरू, तीही उजव्या पुडीच्या शाईवरच्या (काळ्या लेपावरच्या) बोलांत मिसळणारी. २५६ वर तडतड थांबली, पण काकांचं समाधान होईना. त्यांच्या कानाला तेवढाही फरक लागत होता.

शेवटी कार्डावरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबलं. माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न शिरता कार्डातूनच हेडफोनला जातो. आर्डोर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग, म्हणजे वाजतंय तेच परत ऐकवणं, बंद केलं, नाहीतर प्रत्येक थाप दोनदा ऐकू आली असती. आता लॅपटॉपमधून फक्त कालचं भजन येणार, मग बफर मोठा असला तरी काकांना त्याचा त्रास नाही. परत १०२४ केला. इनपुट-आउटपुट केबलने जोडून खरा उशीर परवाच मोजून ठेवला होता, तेवढं आर्डोर रेकॉर्ड झालेलं मागे सरकवून जागेवर बसवतं.

काकांनी डोळे मिटले. 'धा' पडला तेव्हा स्क्रीनकडे बघायची मला गरजच वाटली नाही.

सलग अकरा मिनिटं वाजवलं त्यांनी. मागे पागोळ्यांचा आवाज आलाय, तो मी काढणार नाही. झाल्यावर कणीक खरवडून पुडी ओल्या फडक्याने पुसली, पखवाजावर गवसणी चढवली आणि विचारलं, "पेटी जरा मोठी लागता मा?" खरंच लागते. कंडेन्सर माइक सिलिका जेलच्या डब्यात ठेवलाय, या हवेत तो उघडा राहिला तर खराब होईल. उद्या बुवा येतील तेव्हा पेटीचा माइक हातभर लांब घ्यायचा.