तुम्ही विचारलंत म्हणून: घर ठाण्यात घ्यावं की नवी मुंबईत?

माझं माहेर ठाण्यातलं, नौपाड्यातलं. सासर नेरूळला. आणि सगळी नोकरी पावसाळी गटारांचे नकाशे करण्यात गेली. त्यामुळे लग्नात, लोकलमध्ये, हळदीकुंकवाला, कुठेही गेले तरी हा प्रश्न येतोच: "ताई, घर ठाण्यात घेऊ की नवी मुंबईत?" ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झाल्यापासून विचारणारे आणखी वाढलेत. भाव कुठे चढेल ते मला सांगता येणार नाही. पण इतकं नक्की सांगते, की शहर नंतर ठरवा, आधी गल्ली ठरवा.

माझा भाचा घोडबंदर रोडला तेविसाव्या मजल्यावर राहतो. घर सुंदर आहे, खाली पोहण्याचा तलाव, क्लब, बाग सगळं आहे. त्याच्या मुलीचा गाण्याचा क्लास रस्त्याच्या पलीकडे, समोरच. गॅलरीतून क्लासची पाटी दिसते. मुलगी दहा वर्षांची, चुणचुणीत. तरी तिची आई तिला गाडीत बसवते, पुढून वळून येते, क्लास सुटेपर्यंत गाडीतच थांबते आणि परत आणते. मधे कंटेनर धावतायत, मेट्रोचे खांब उभे आहेत, आणि ओलांडायची जागा बरीच लांब. आता तिथे सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिळवण्याचं काम निघालं आहे, म्हणजे फाटकातून पाऊल बाहेर टाकलं की थेट वेगाची वाहनं. मुलीला रस्ता ओलांडता येतो. पण हा रस्ता बांधताना ती कुणाच्या मनातच नव्हती.

मी तिच्या वयाची असताना दळणाचा डबा घेऊन एकटी गिरणीत जायचे, परतताना वाचनालयात पुस्तक बदलायचे, संध्याकाळी मैत्रिणींबरोबर तलावपाळीला. तेव्हा काळ चांगला होता म्हणून, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. गल्ली अरुंद होती म्हणून वाहन आपोआप हळू चालायचं. इमारती तीन-चार मजली, तळाशी दुकानं, त्यामुळे पहाटे दूधवाल्यापासून रात्री औषधवाल्यापर्यंत रस्त्यावर कुणाचं ना कुणाचं लक्ष असायचं. रस्ता रुंद आणि सरळ केला की चालक वेग वाढवतो, वेगाची पाटी काहीही सांगो. हे रस्ते आखणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. तरी वस्तीतला रस्ता आखताना आपण हायवेची मापं घेतो, याचं मला फार वाईट वाटतं.

नवी मुंबईत निदान सुरुवातीला याचा विचार झाला होता. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६५मध्ये मुंबईच्या खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७०मध्ये ते शहर उभारायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. एकच मोठं शहर न करता स्टेशनांभोवती नोड, म्हणजे छोटी उपनगरं, आणि नोडमध्ये सेक्टर, अशी रचना. सेक्टरात शाळेचा भूखंड, बाजाराचा भूखंड, मैदान. नेरूळच्या जुन्या सेक्टरांत मी आजही भाजी, इस्त्री, दवाखाना, बँक सगळं पायी करते. आमची जुनी शिवणाची बाई, कोपऱ्यावरचा चपला दुरुस्त करणारा, यांच्यापर्यंत चालत जाता येतं म्हणून त्यांचा धंदा टिकला आहे. बेलापूरला कोरियांनी आखलेली आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत एकदा जाऊन बघा. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती. प्रत्येक घराची भिंत स्वतंत्र, म्हणजे ज्याला जमेल तेव्हा त्याने एक खोली वाढवावी. बरीच घरं पाडून नवी बांधली गेली, मूळ रूप हरवलं, असं हळहळून म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझं मत उलट आहे. शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का न लावता घर वाढवता येतं, अशी वस्ती आपल्याकडे किती ठिकाणी आहे?

पण हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभं आहे. आगरी-कोळी माणसांनी शेतं आणि मिठागरं दिली, आणि दिलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचा हक्क मिळवायला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढावं लागलं. १९८४मध्ये त्या लढ्यात गोळीबारात पाच जण गेले. सेक्टर आखताना गावठाणांना, म्हणजे गावांच्या जुन्या वस्तीला, मात्र वळसा घातला गेला. करावे गावात, जुहूगावात शिरलात की गटार, पाणी, रस्ता यांतला फरक पावलाला कळतो. तरी संध्याकाळी सगळा सेक्टर मासळीला जातो तो गावातच. घर बघताना शेजारच्या गावठाणातूनही एक फेरी मारा. तिथलं गटार तुंबलेलं असेल, तर ते पाणी उद्या तुमच्याच नाल्यात येणार आहे.

पाण्यावर जरा जास्त बोलते, तो माझा विषय आहे. वाशी, नेरूळ, बेलापूरचा बराच भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव घालून केला आहे. भरतीला खाडीची पातळी चढली की गटारातलं पाणी बाहेर पडूच शकत नाही. म्हणून इथे धारण तलाव केले. पावसाचं पाणी आधी तलावात येतं. भरतीला तलावाच्या तोंडाची झडप खाडीच्या दाबाने मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. या झडपेला पंप लागत नाही, वीज लागत नाही, फक्त चंद्राचं वेळापत्रक. इतकी सुंदर व्यवस्था मी दुसरी पाहिली नाही. आणि तिची काळजी घेणं हे सर्वांत नावडतं काम. तलावात गाळ बसतो, गाळावर खारफुटी उगवते, खारफुटी तोडायला न्यायालयाची परवानगी लागते. जितका गाळ, तितकी पाणी साठवायची जागा कमी. नव्या पुलाची फीत कापायला गर्दी होते, गाळ काढायच्या खर्चासाठी प्रत्येक वर्षी नव्याने भांडावं लागतं. नळाच्या पाण्याचंही विचारा. मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे. ठाण्याचं स्वतःचं धरण नाही, स्वतःच्या योजनेखेरीज स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडून पाणी घ्यावं लागतं. म्हणून ठाण्यात घर बघताना सोसायटीच्या फाटकाशी अर्धा तास थांबा आणि टँकर मोजा. वॉचमनला विचारा, तो खरं सांगतो.

मी विचारणाऱ्याला जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी, धो धो पाऊस असताना, स्टेशनपासून त्या इमारतीपर्यंत चालत जायला सांगते. मुलाला बरोबर घ्या. पाणी कुठे साचतं, फुटपाथ कुठे संपतो, दिवा कुठे बंद आहे, तुम्ही मुलाचा हात कुठे घट्ट धरता. बिल्डरच्या माहितीपत्रकात यातलं काहीच छापलेलं नसतं. कुंपणाच्या आतल्या बागेसाठी दरमहा हजारो रुपये मेंटेनन्स देणारी माणसं फाटकाबाहेरची उखडलेली लादी दोन-दोन वर्षं ओलांडून जाताना मी बघते. ती लादी कुणाचीच नसते. तुम्ही घर घ्याल त्या दिवसापासून ती तुमची समजा, प्रभाग कार्यालयात अर्ज द्या, पुन्हा द्या.

आता नौपाड्यातल्या आमच्या इमारतीविषयी. तिचा पुनर्विकास होतोय. पहिल्या नकाशात रस्त्याकडेला दुकानं नव्हती. खाली पोडियममध्ये, म्हणजे इमारतीच्या पायथ्याच्या पार्किंगमध्ये, तीन मजले गाड्या, आणि गल्लीकडे तोंड करून एक लांबच लांब भिंत. माझी आई चौऱ्याऐंशीची आहे. सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, "भिंतीशी मी काय बोलू?" सगळे गप्प झाले. मग चर्चा सुरू झाली ती दोन तास चालली. गाड्या कमी करायला कुणी तयार नव्हतं. शेवटी रस्त्याकडेच्या बारा फुटांत गिरणी, वाणी आणि औषधाचं दुकान परत बसवायचं, त्यासाठी प्रत्येकाने खोलीतले थोडे चौरस फूट सोडायचे, असा प्रस्ताव कागदावर आला. एकोणीस सभासदांपैकी अकरा जणांनी सही केली आहे. उरलेल्या आठांपैकी तिघं विदेशात आहेत, त्यांना मी रोज रात्री फोन करते. मंगळवारी वास्तुविशारद दुसरा नकाशा घेऊन येणार आहेत. आईने गिरणीवाल्यालाही सभेला बोलावलं आहे.