डिप रजिस्टरातील तिसरी टाकी

इंधनाच्या जुन्या भूमिगत टाक्या रिकाम्या करणे, त्यांतील वायू घालवणे आणि त्या सुरक्षितपणे वर काढणे हे माझे काम आहे. त्या दिवशी आम्ही ज्या जागेवर गेलो, तेथील तेलाचा व्यवसाय एकाच कुटुंबाने तीन पिढ्या चालवला होता. आजोबांनी दिव्यांसाठी रॉकेल विकून सुरुवात केली, मुलाने पेट्रोल आणि वंगणतेल आणले, आणि ज्यांना सगळे काका म्हणत त्या नातवाने डिझेलच्या घाऊक पुरवठ्यापर्यंत तो वाढवला. जागेच्या नकाशावर दोन टाक्या होत्या आणि आमची तयारीही दोनचीच होती.

खोदकामाआधी जुनी कागदपत्रे पाहण्याचा माझा शिरस्ता आहे. काकांनी हिशेबाच्या वह्यांऐवजी डिप रजिस्टरांचा गठ्ठा पुढे ठेवला. "नफा-तोटा वह्यांत आहे, साहेब, माल कसा सांभाळला ते यात आहे," असे ते म्हणाले. रोज सकाळी टाकीत डिप रॉड, म्हणजे खुणा केलेली मोजकाठी, सोडून घेतलेली इंधनाची उंची, तळाशी सापडलेले पाणी आणि इंधनाचे तापमान, अशा नोंदी वर्षानुवर्षे एकही दिवस न चुकता केलेल्या होत्या. एका पानावर पेट्रोलची तूट लाल शाईने लिहिली होती आणि समासात, वेगळ्या हस्ताक्षरात, तीनच शब्द होते: "चोरी नव्हे, थंडी." पेट्रोल अंशामागे हजार लिटरला जवळपास एक लिटर आकसते, तापलेल्या टँकरमधून आलेला 10,000 लिटर माल टाकीत 10 अंशांनी निवला, तर सुमारे 95 लिटर कमी भरतात. मुलाचा संशय बहुधा नोकरावर गेला असावा आणि वडिलांनी तो तिथेच खोडून काढला असावा. त्या तीन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो.

पुढे वाचता वाचता लक्षात आले की जुन्या रजिस्टरांत रकाने तीन आहेत. तिसरा एका पानावर अचानक संपत होता आणि खाली "बंद" एवढेच लिहिले होते. माल उपसल्याची नोंद कुठेच नव्हती. काका तेव्हा लहान होते, त्यांना काही आठवेना. मी यंत्र थांबवले. शोधयंत्र फिरवल्यावर कचेरीच्या भिंतीलगत काँक्रीटखाली ती टाकी सापडली, आणि आम्ही खोदाईची पहिली खूण तिथून दोन हातांवर केली होती.

भरलेल्या टाकीपेक्षा जवळजवळ रिकामी टाकी अधिक घातक असते, कारण पेट्रोलची वाफ हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के मिसळली की ठिणगीने पेट घेते, आणि हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यातच साचून राहते. आमच्या मापकाने तिथे वाफ दाखवली. शिवाय रजिस्टरावरील वर्ष शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले होते. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळणे 1920 च्या दशकात सुरू झाले आणि वाहनांसाठी ते जगातून पूर्णपणे हटायला 2021 साल उजाडले. अशा टाकीच्या तळचा गाळ श्वासावाटे आणि त्वचेवाटेही बाधतो. म्हणून आधी नायट्रोजन सोडून टाकीतला प्राणवायू कमी केला, श्वसनसंरक्षक साधने घातलेल्या माणसांनीच गाळ काढला आणि तो वेगळ्या पिंपांत बंद करून पाठवला. त्या वहीशिवाय आम्ही साधे हातमोजे घालून, यंत्राच्या दात्याने थेट त्या पत्र्यावर घाव घातला असता, याचा विचार आजही माझी झोप उडवतो.

तिसऱ्या दिवशी, पूर्ण धुतलेली टाकी कापून उघडल्यावर मी काकांना आत पाहायला बोलावले. डिप घेण्याच्या नळीच्या बरोबर खाली, तळाच्या पत्र्यावर नाण्याएवढा गोल खळगा पडला होता. रोज सकाळी तिथेच रॉड टेकत होता. काकांनी हातमोजा चढवला, त्या खळग्यात बोट टेकवले आणि ते बराच वेळ तसेच वाकून राहिले.