डोक्याच्या जागी पाय

डोक्याच्या जागी पाय असलेलं एक धूड सध्या आमच्या बाहेरच्या खोलीत उभं आहे. हा विनोद दादाचा. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरच्या नावावर मराठी घरात जेवढे विनोद होऊ शकतात तेवढे गेल्या तीन महिन्यांत करून झालेत, तेव्हा इथे हा एकच.

धूड म्हणजे जुनं आर्केड कॅबिनेट, नाणं टाकून व्हिडिओ गेम खेळायचं कपाट. माणसाएवढं उंच, प्लायवूडचं, कडेच्या पट्ट्या निघालेलं, आत कोळिष्टकं. "नेताय का, नाहीतर मोडीत घालतो," असं कुणीतरी म्हणालं आणि मी हो म्हणून बसले. मी दिवसभर कोड लिहिते. सोल्डरिंग आयर्न कॉलेजनंतर हातात धरलं नव्हतं. पण मनात हिशेब सोपा होता: आतला मेलेला बोर्ड काढायचा, पिक्चर ट्यूब फेकायची, सपाट स्क्रीन लावायची, छोटा कॉम्प्युटर चिकटवायचा. दोन रविवार पुरेत.

दादाने आयुष्याची बरीच वर्षं ट्यूबवाले टीव्ही दुरुस्त केलेत. त्याने मागचं दार उघडलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, "ट्यूब फेकणार असशील तर मी निघालो."

थोड्या वेळाने म्हणाला, "आणि प्लग काढलाय म्हणून आत हात घालू नकोस. ही झोपेतही चावते."

हे अक्षरशः खरं आहे. ट्यूबच्या पाठीवर रबरी टोपीखाली जी वायर जाते तिथे वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि ट्यूब स्वतःच कपॅसिटरसारखी तो धरून बसते. वीज बंद केल्यावरही. दादाने लांब स्क्रूड्रायव्हरला वायर बांधली, तिचं दुसरं टोक चौकटीला अडकवलं, एक हात पाठीमागे घेतला आणि टोपीखाली पातं सरकवलं. चट्. एवढाच आवाज. पण मी दोन पावलं मागे होते. ज्यांच्याकडे असा दादा नाही त्यांनी हे वाचून करून पाहू नये, जाणकार माणूस बोलवावा.

ट्यूब ठेवायची ठरल्यावर माझा सोपा हिशेब मोडला, कारण ट्यूबची भाषा वेगळी. कॉम्प्युटरचा साधा व्हीजीए सिग्नल सेकंदाला साधारण ३१,५०० ओळी काढतो. आर्केडची ट्यूब त्याच्या निम्म्या, १५,७०० च्या आसपास. तिला घाईने ओळी पाठवल्या तर तिला झेपत नाही. माझं नशीब असं की कॅबिनेट जॅमा जोडणीचं निघालं. जपानमधल्या गेमयंत्रवाल्यांच्या संघटनेने १९८५ मध्ये ही जोडणी ठरवली: बोर्डाच्या कडेला बसणारा एक लांबट कनेक्टर, दोन्ही बाजूंना २८-२८ जागा, आणि त्यातच सगळं. वीज, चित्र, आवाज, दांड्या, बटणं, नाण्याचा स्विच. बोर्ड उपटायचा, दुसरा खुपसायचा, गेम बदलला. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी इतका नीट विचार करून ठेवला होता म्हणून मला एक अडॅप्टर कार्ड मिळालं, ज्याच्या एका बाजूला पाय बसतो आणि दुसरी बाजू जॅमाच्या कनेक्टरमध्ये जाते.

पाय घरातलाच. पाय ३, खणात पडलेला. चार कोअर, १.२ गिगाहर्ट्झ, १ जीबी मेमरी, म्हणजे आजच्या हिशेबाने म्हातारा. पण १९८० चा मूळ पॅक-मॅन झेड-८० प्रोसेसरवर ३.०७२ मेगाहर्ट्झने चालायचा. म्हातारा पुरून उरतो.

सॉफ्टवेअरचं काम एका रात्रीत झालं. रेट्रोपाय हा पायवर जुने गेम चालवणारा सॉफ्टवेअरचा संच मेमरी कार्डावर उतरवला, मेन्यू काढून टाकला, चालू केल्यावर सरळ गेमच यावा असं केलं. त्यातल्या मेम या एम्युलेटरबद्दल, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामबद्दल, एवढंच सांगते की निकोला साल्मोरिया नावाच्या इटालियन माणसाने १९९७ मध्ये ते पहिल्यांदा बाहेर काढलं आणि त्यात गेम नसतात, फक्त जुन्या बोर्डांचं वागणं असतं. गेम म्हणजे चिपांमधला मजकूर, आणि त्याचे मालक आजही आहेत. ग्रिडली, रॉबी रोटो असे काही गेम मालकांच्या परवानगीने मेमच्या साइटवरच मिळतात, सुरुवात मी तिथून केली. पॅक-मॅनसाठी एक मेलेला बोर्ड मिळवला आणि त्याच्या चिप्स दादाच्या जुन्या ईप्रॉम रीडरवर वाचून घेतल्या. वकील मंडळींनी यावर काय म्हणायचं ते म्हणावं, मला तेवढ्याने झोप लागते.

मग पहिल्यांदा वीज दिली. चित्र आलं ते तिरक्या पट्ट्यांमध्ये फाटलेलं, आणि ट्यूबने कान किटतील अशी बारीक शिट्टी घातली. दादाने माझ्याकडे पाहिलंही नाही, आधी प्लग उपटला. कॉन्फिग फाइलमधली वेळेची ओळ मी टाकली होती, पण समोरचं हॅशचं चिन्ह काढायला विसरले होते, आणि ते असलं की ओळ वाचलीच जात नाही. रोज दुसऱ्यांच्या कोडमध्ये असल्या चुका दाखवून देते मी. "तुमच्या कोडने काही जळत नाही ना, म्हणून तुम्हाला सवय नाही," दादा म्हणाला. बरोबर होतं त्याचं.

पुढचे दोन आठवडे पाय मधूनच गोठायचा. मी अर्थातच सॉफ्टवेअरला दोष दिला. लॉग वाचले, कार्ड बदललं, सगळं पुन्हा घातलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पिवळी वीज लुकलुकायची, तिच्याकडे मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. ती खूण पाय देतो ती व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेल्यावर. दादाने मल्टिमीटर लावला: वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, म्हणजे एसएमपीएसच्या तोंडाशी बरोबर ५ व्होल्ट, आणि पायच्या पिनेवर ४.५८. मधे कुठेतरी जवळजवळ अर्धा व्होल्ट कुणीतरी खात होतं. खाणारा तो जॅमाचा कनेक्टर. पाच व्होल्टच्या जागा करपून काळ्या पडल्या होत्या. नवा लावायचा तर जुन्याची एकेक वायर सोडवून नव्याला डाख द्यायचा. छप्पनच्या छप्पन जागा वापरात नसतात, पण ज्या असतात त्या पुऱ्या होईपर्यंत मान आखडते. हे काम दादाने मला करायला लावलं. पहिले दहा डाख बघून तो काही बोलला नाही. म्हणजे वाईट होते. ते मी शेवटी पुन्हा दिले. मग एसएमपीएसवरचा बारीक स्क्रू कणभर फिरवून पायशी ५.१ आणलं. त्या दिवसापासून पिवळी वीज दिसलेली नाही.

बटणांची गंमत थोडक्यात. बटणाखालच्या मायक्रोस्विचला तीन पाय असतात (सॉरी). एक सामाईक, एक दाबल्यावर जुळणारा, एक दाबल्यावर सुटणारा. गोळीबाराच्या बटणाला मी तिसरा जोडला. विमान अखंड गोळ्या झाडत होतं आणि बटण दाबलं की थांबायचं. माझ्या भाच्याला हा प्रकार इतका आवडला की दुरुस्त करू नकोस म्हणून मागे लागला होता.

भाच्यामुळेच खरी अडचण कळली. पॅक-मॅन लावून दिला, तर दोन मिनिटांत म्हणाला, "आत्या, हा माझं ऐकत नाही." मला वाटलं उशीर होतोय. एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं, आणि एम्युलेटर एखाद-दुसरं चित्र मागे राहू शकतो. त्यावर रेट्रोआर्कमध्ये, म्हणजे रेट्रोपायमधल्या गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, रन-अहेड नावाची सुरेख युक्ती आहे: गेम गुपचूप एक चित्र पुढे चालवून बघायचा आणि तेच आधी दाखवायचं. ती लावली. पॅक-मॅन सेकंदाला ६० नव्हे, ६०.६ चित्रं काढतो, म्हणून ट्यूबलाही तेवढाच वेग लावून दिला. सपाट स्क्रीन बहुधा ६० वर अडून बसते, ट्यूब एवढासा फरक मुकाट्याने सांभाळून घेते. इतकं करून मी मोठ्या अपेक्षेने भाच्याकडे पाहिलं.

"अजून नाही ऐकत."

मग त्याचा हात बघत बसले. वर वळायच्या वेळी दांडी जरा उजवीकडेही जात होती. हे कॅबिनेट विमानांच्या गेमचं, त्याची दांडी आठ दिशांची. तिरकी गेली की दोन स्विच एकदम जुळतात, आणि पॅक-मॅनला तिरकं काही कळतच नाही. त्याच्या चक्रव्यूहात तिरकी वाटच नाही. म्हणजे दोष ना पायचा, ना माझ्या मिलिसेकंदांचा. दांडीच्या बुडाशी भोकाची एक प्लास्टिकची चकती असते, ती फिरवून बसवली की दांडी चारच दिशांना जाते. चार स्क्रू, दहा मिनिटं. पण मग विमानं तिरकी उडेनात. शेवटी डावी दांडी चार दिशांची ठेवली, उजवी आठ दिशांची, आणि विमानांचे सगळे गेम उजवीकडे वळवले. बघायला विचित्र आहे. येणारा प्रत्येक माणूस आधी चुकीच्या दांडीला हात घालतो. मला चालतं.

धुडाचा स्पीकर, नाण्याचं दार, दिवे, सगळं जुनंच आहे. ट्यूब तापून चित्र यायला जो वेळ घेते त्यात पाय अर्धाअधिक उठलेला असतो, त्यामुळे वाट बघणं फारसं जाणवत नाही. बंद करताना मात्र कुणी मेन्यूत जात नाही, सरळ भिंतीवरचा स्विच. अशाने मेमरी कार्ड एक ना एक दिवस बिघडतं, म्हणून कार्डावर काही लिहिलंच जाणार नाही अशी सोय केली. त्यात भाच्याचा हायस्कोअर गेला. तो रडकुंडीला आला तेव्हा मी सांगितलं की खऱ्या पॅक-मॅनमध्येही वीज गेली की हायस्कोअर जायचा. त्याला हे अजिबात पटलं नाही.

नाण्याच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले आकडे आहेत, कुणीतरी नाण्यांच्या मीटरवरून उतरवून घेतलेले, एकाखाली एक. पुसायचे म्हणून मी ओला फडका घेऊन गेले होते आणि तसेच ठेवले. परवा पाहिलं तर शेवटच्या आकड्याखाली वेगळ्या अक्षरात १४,२६० लिहिलंय, आणि पुढे भाच्याची सही.