सगळ्यात अवघड काय गेलं?

हॉलच्या कोपऱ्यात लाकडी पेटीवर बसवलेलं सामुराईचं चिलखत पाहिलं, की घरी आलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी त्याच्या छातीवर बोटानं टकटक करतो. मग विचारतो, "हे खरंच घरी केलंत? सगळ्यात अवघड काय गेलं हो?" विचारताना नजर शिरस्त्राणावर खिळलेली असते. मी म्हणते, "नाडी." समोरच्याला वाटतं, आपण नीट ऐकलं नाही. तेवढ्यात चहा येतो आणि विषय तिथंच राहतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज पूर्ण सांगते.

पत्र्याचं काम शिकता येतं. मी केलेलं चिलखत 'तोसेइ गुसोकु' या घडणीचं आहे, सोळाव्या शतकातल्या लढायांच्या धामधुमीत पुढे आलेलं. 1543 मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज बंदुका पोचल्या, फौजाही मोठ्या होत गेल्या, आणि हजारो बारीक खवले ओवून केलेल्या जुन्या चिलखतांच्या जागी अखंड पट्ट्यांची चिलखतं येऊ लागली. धडाचं कवच म्हणजे आडव्या पट्ट्या रिव्हेटनं जोडलेला एक पिंपासारखा आकार, डाव्या बगलेखाली बिजागरी, उजव्या बगलेखाली बांधायचे बंद. मी लोखंडाऐवजी दीड मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला, पत्राकातरीनं कापला आणि वाळूच्या पोत्यावर लाकडी हातोड्यानं ठोकून गोलाई आणली. चुकलं तर ठोकून सरळ करता येतं. पत्रा माफ करतो.

रंगाचंही सांगते, कारण "ही लाख का?" असं हमखास विचारतात. जपानी चिलखतांवर चढवतात ती उरुशी, आणि ती आपल्या लाखेसारखी किड्यांपासून होत नाही. तो एका झाडाचा चीक. आपल्या आंब्याच्या, काजूच्या आणि बिब्ब्याच्या कुळातलं झाड. बिब्बा जसा अंगावर उततो, तशीच कच्ची उरुशीही उतते. ती उन्हात ठेवून वाळवत नाहीत, उबदार दमट कपाटात ठेवावी लागते, कारण हवेतल्या ओलाव्यावाचून ती घट्टच होत नाही. माझ्या मनात फार होतं, पण घरात लहान मूल आहे. म्हणून लांबी भरली, पॉलिश पेपर मारला आणि गाडीचा काळा रंग दिला. उरुशीची ती खोल चमक त्याला नाही, हे मला रोज दिसतं.

आता नाडी. कवचाच्या खाली कमरेभोवती लोंबणाऱ्या झालरी असतात, त्यांना कुसाझुरी म्हणतात. माझ्या चिलखताला अशा सात झालरी आहेत, प्रत्येकीत पाच पट्ट्या. या 35 पट्ट्या एकमेकींना कुठेही खिळ्यानं जोडलेल्या नाहीत. प्रत्येक पट्टी वरच्या पट्टीला फक्त नाडीनं टांगलेली आहे. खांद्यावरच्या ढाली तशाच, मानेमागचा पडदाही तसाच. म्हणून माणूस खाली बसला की पट्ट्या एकीवर एक सरकतात आणि उभा राहिला की पुन्हा उलगडतात. ही विण किती सैल, किती ताठ, यावर चिलखत अंगावर चालणार की नुसतं अडकून बसणार ते ठरतं. मी विरळ विण घेतली, 'सुगाके', म्हणजे दोन-दोन नाड्यांच्या जोड्या थोड्या थोड्या अंतरावर. तरी नुसत्या झालरींना साडेपाचशेच्या वर भोकं पडली.

पहिल्या खेपेला मी बुटांच्या चपट्या लेस वापरल्या. उजवी झालर एका रविवारी सकाळी ओवली, डावी दुसऱ्या दिवशी रात्री, कामावरून दमून आल्यावर. दोन्ही टांगल्या तर डावी उजवीपेक्षा दोन बोटं खाली. मापं तीच, भोकं तीच, लेस त्याच गुंडीतली. रात्री हात सैल पडला होता, एवढंच. प्रत्येक ओळीत जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढा फरक, आणि खाली येईपर्यंत त्याची दोन बोटं झाली. सगळं उसवलं. पुन्हा ओवलं, तर महिन्याभरात लेस भोकांपाशी तुटायला लागल्या. ड्रिलनं पाडलेल्या भोकाची कड ब्लेडसारखी असते आणि मी ती घासलीच नव्हती. मग प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी गोल कानशीनं घासलं, कडांवर रंगाचा हात दिला आणि तिसऱ्यांदा ओवायला बसले.

टोकं विसकटायची ती वेगळीच. त्यावर उपाय सांगितला पेठेतल्या एका पटवेकरी काकांनी. दागिने गाठताना ते जे करतात तेच: टोकाला मेण, त्यावर बारीक रेशमाचे घट्ट वेढे, आणि गाठ आत लपवायची. माझ्या हातातली पट्टी उलटसुलट करून ते म्हणाले, "ताई, हे गाठायचंच काम आहे की." मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

लढवय्यांनाही ही नाडी सोपी गेली नव्हती. चिलखतांचे जपानी जाणकार साकाकिबारा कोझान यांनी 1800 साली चिलखतांच्या घडणीवर लिहिताना दाट विणीचे तोटे मांडले आहेत: पावसात भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही, थंडीत गोठते, आत शिरलेला चिखल कितीही धुतला तरी निघत नाही, लांबच्या मोहिमेत वास मारते, उवा आणि मुंग्या होतात. भाल्याचं टोक निसटून जायच्या ऐवजी विणीत अडकतं ते निराळंच. हे वाचल्यावर मी दाट विणीचा हट्ट सोडला. शोभेला ती अप्रतिम, पण मला अंगावर घालता येणारं चिलखत हवं होतं.

तरीही मी नाडीच्या नादाला लागले ती एका दाट विणीच्याच चिलखतामुळे. तोक्योच्या पश्चिमेला ओमे शहरात मिताके डोंगरावर मुसाशी मिताके देवस्थान आहे. तिथं बाराव्या शतकातलं लाल नाडीचं योरोई, म्हणजे जुन्या, खवल्यांच्या घडणीचं चिलखत, जपलेलं आहे. हाताकेयामा शिगेतादा या योद्ध्यानं ते देवाला वाहिलं अशी परंपरा आहे. काचेसमोर उभी राहिले तेव्हा मला वाटलं, नाडी दोन रंगांची आहे, काही लाल, काही फिकट गुलाबी. मी साहजिकच गुलाबी ती जुनी धरली. खरं उलटं होतं. 1903 साली डागडुजी करताना जी नवी नाडी घातली ती रासायनिक रंगाची होती, ती विटली. आठशे वर्षांपूर्वीची, आकाने नावाच्या वेलीच्या मुळांनी रंगवलेली नाडी अजून लालच आहे. तिथून माझे पाय निघेनात. पत्र्याकडे मी त्या दिवशी पाहिलंही नाही.

आकाने ही आपल्या मंजिष्ठेची सख्खी नातलग. हे कळल्यापासून माझ्या मनात एकच घोळतंय. लेसवर भागवलेलं हे चिलखत मला रेशमी नाडीनं पुन्हा ओवायचं आहे, निदान खांद्यांच्या ढाली तरी. गेल्या आठवड्यात तुरटीच्या पाण्यात भिजवलेली रेशमाची पहिली लड मंजिष्ठेच्या काढ्यात घातली. आच जास्त झाली असावी, रंग विटेसारखा आला. दुसरी लड काल संध्याकाळी मंद आचेवर ठेवली होती. आत्ता ती गॅलरीत दोरीवर आहे, अजून ओली. वाळल्यावर किती उतरते ते उद्या कळेल.