एसटी गेली, मी थांबलो

2024 च्या जुलैतल्या त्या रविवारी आंबोली घाटात त्या वळणावर दरड पडली नाही. हे आधीच सांगतो, नाहीतर घाट आणि जुलै म्हटल्यावर वाचणारा दरडीचीच वाट बघत बसेल. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. सहा माणसांची कोकणकन्या एक्सप्रेस चुकली, एवढंच झालं. तरी तिथल्या रस्त्याखालच्या मोरीवरून गाडी नेताना मी अजून तोच हिशेब मांडतो आणि तो जुळत नाही.

मी सावंतवाडीचा. पिवळ्या पाटीची सात आसनी गाडी आहे, मालकही मीच आणि ड्रायव्हरही मीच. एका वेळी सहाच पाहुणे घेतो. पहिल्या दिवशी वेंगुर्ल्याचा किनारा, मग दाणोलीला साटम महाराजांच्या मठाशी हात जोडून घाट चढायचा, रात्री आंबोलीत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मळगावला स्टेशनवर सोडायचं. समुद्रापासून निघून काही तासांत माणूस साडेसहाशे मीटरच्या वर धुक्यात उभा असतो. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारं हे गाव. पाहुण्यांना वाटतं ड्रायव्हर रस्ता बघतो. खरं तर अर्धं लक्ष पाहुण्यांच्या पोटाकडे असतं. कोणाला गाडी लागते हे सकाळीच विचारून घ्यायचं, त्याला पुढे बसवायचं, चढणीआधी पोटभर मिसळ खाऊ द्यायची नाही, आणि डॅशबोर्डच्या खणात आलेपाक ठेवायचा. मुलं शेवटच्या सीटवर बसायचा हट्ट धरतात. तिसऱ्या वळणाला ती पांढरी पडतात.

धुक्यात गाडी चालवणं हे मात्र मी अभिमानाने सांगतो, कारण ते मी मार खाऊन शिकलोय. वरचा लाइट लावला की धुकं पांढऱ्या भिंतीसारखं अंगावर येतं. डिपरवरच चालायचं आणि रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरायची. आतून काच धरली तर पाऊस असला तरी एसी लावायचा. वायपरने दगा दिला तर काचेवर तंबाखू चोळायची, पाणी चिकटत नाही. गाणी बंद, काच चार बोटं खाली, आणि वळणावर कान बाहेर, कारण समोरच्या गाडीचा हॉर्न तिच्या दिव्याच्या आधी येतो. उतरताना गाडी इंजिनवर सोडायची, दुसऱ्या गिअरमध्ये. शनिवार-रविवारी शहरातून गाड्या घेऊन येणारी माणसं अख्खा घाट ब्रेक दाबून उतरतात आणि खाली आल्यावर जळका वास कुठून येतोय म्हणून बॉनेट उघडून बघतात. चारही बाजूचे इंडिकेटर एकदम लावून चालणारे तर मला बघवत नाहीत. हा आता कुठे वळणार, हे मागच्याला कळायचं कसं?

त्या खेपेला ठाण्याचं कुटुंब होतं. नवरा-बायको, दोन मुलं, बाईंचे आई-वडील. शहरातल्या एका टूरवाल्यांनी पाठवलेले. माणसं चांगली होती, हे मुद्दाम लिहितो. शनिवारी रात्री बॅटरी घेऊन त्यांना बेडूक दाखवले. पाण्यावर झुकलेल्या पानावर उडत्या बेडकाचं फेसाचं घरटं होतं, त्यातून पिल्लं खाली पाण्यात कशी टपकतात हे मुलांनी अर्धा तास उकिडवं बसून पाहिलं. जगात फक्त याच परिसरात सापडणारा आंबोली टोडही दिसला. तो रस्त्यावर येऊन बसतो, म्हणून रात्री मी गाडीच्या पुढे बॅटरी घेऊन चालतो आणि त्याला बाजूला करतो. रविवारी पहाटेच उठवून घाटात खाली मुख्य धबधब्यावर नेऊन आणलं, कारण नऊनंतर तिथे जाण्यात अर्थ नसतो. मग हिरण्यकेशी नदीचा उगम. तिथल्या कुंडातल्या छोट्या माशाची 2020 साली नवी जात म्हणून नोंद झाली आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली, हे सांगताना मला दरवेळी बरं वाटतं. कावळेसादला वारा दरीतून पाणी उलटं फेकत होता. आजोबा भिजत उभे राहिले, हलायलाच तयार नव्हते.

चारला आंबोली सोडली. रेल्वेच्या हिशेबाने वेळ हवा तेवढा होता.

धबधब्याच्या वरच्या अंगाला एक वळण आहे. तिथे डोंगरातून एक ओहोळ उतरतो आणि रस्त्याखालच्या मोरीतून दरीत जातो. त्याला नाव नाही, कोणी तिथे फोटोही काढत नाही. पण मी येता-जाता त्याच्याकडे बघतो. पहाटे आम्ही गेलो तेव्हा तो गर्जत होता, मोरीत मावत नव्हता, थोडं पाणी रस्त्यावरूनही वाहत होतं. दिवसभर पाऊस थांबला नव्हता. आणि सव्वाचारला तिथे पोचलो तर ओहोळात पाणी नव्हतं. करंगळीएवढी लाल धार, बस्स. आजूबाजूच्या सगळ्या कड्यांवरून पाणी कोसळत होतं आणि हा एकटा गप्प.

मला गाडी शिकवणारे म्हातारे ड्रायव्हर म्हणायचे, "पाणी वाढला म्हणान भियाव नको. पाणी थांबला तर मात्र गाडी थांबव." पाऊस चालू असताना ओहोळ आटला म्हणजे वर कुठेतरी पाणी अडलंय. दगड, माती, उन्मळलेलं झाड, काहीतरी आडवं आलंय आणि त्याच्यामागे पाणी साठतंय. आमच्याकडे वर जांभा, खाली काळा कातळ. वरचं पाणी पिऊन फुगतं, खालचं पीत नाही. साठलेलं सुटलं की एकटं पाणी येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मोरी ओलांडायला दहा सेकंद लागतात, काढायची गाडी सुसाट. पाहुण्यांनी तेच म्हटलं. पण रविवार होता. धबधब्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लावून माणसं रस्त्यात नाचत होती, बाटल्या फोडत होती, माकडांना वेफर्स देत होती, आणि त्या गर्दीची शेपटी वर सरकत सरकत या वळणापर्यंत आली होती. म्हणजे दहा सेकंदांत पार होणं नाही. नेमकं मोरीवर उभं राहणं. धबधबा बघायला येणाऱ्याला हे कधी कळत नाही की त्याने वाकडी लावलेली गाडी दोन वळणं वर कोणाला कुठे उभं करते.

मी गाडी मागे घेतली. मोकळ्या जागेपर्यंत रिव्हर्स नेली आणि म्हणालो, थांबू या थोडं.

एवढ्यात मागून एसटी आली. भरलेली, चाळीसेक माणसं. मी रस्त्यात उतरून हात केला. ड्रायव्हरने वेग कमी केला, काच सरकवली. मी म्हणालो, "मोरीचा पाणी थांबलाहा." त्याने पुढे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "दरड इली?" "नाय." "मगे माका जावक व्हया." आणि तो गेला. मी बाजूला झालो. हे वाक्य लिहिताना हात थांबतो. मी बाजूला झालो.

पुढे गर्दी तुंबलेलीच होती. एसटीचे मागचे दोन लाल दिवे धुक्यात बरोबर मोरीवर जाऊन थांबले. पाच मिनिटं तरी असतील. मी पावसात उभा राहून ते दिवे बघत होतो. वरचा डोंगर धुक्यात अजिबात दिसत नव्हता, म्हणून कान लावून होतो. मग दिवे हलले आणि वळणाआड गेले.

"बघा," मागून साहेब म्हणाले, "बस मोरीवर उभी राहिली. झालं काही?"

मी म्हटलं, झालं नाही म्हणजे होणार नाही असं नव्हे. ते म्हणाले, तुम्ही यातले तज्ज्ञ आहात का? नाही. मी दहावी शिकलेला ड्रायव्हर आहे. मी दरडीखाली गेलेली गावं सांगितली: माळीण सांगितलं, तळिये सांगितलं, इरशाळवाडी सांगितली. 2014, 2021, 2023, तिन्ही जुलैतच. बाईंनी मुलांना जवळ घेतलं, आणि साहेब आणखी चिडले, कारण मी मुलांना घाबरवलं. ते त्यांचं बरोबर होतं. मग ते म्हणाले, "एवढं खरं वाटत असेल तर ती बस कशी जाऊ दिलीत?"

वाद जिंकायला बोलले होते. पण माझ्या मनात त्या दिवसातलं तेवढं एकच वाक्य रुतून बसलंय.

मागे फिरून गावात आलो, चहाच्या टपरीशी रेंज मिळाली. ज्यांना कळवायचं त्यांना कळवलं. पलीकडून विचारलं, रस्ता बंद झालाय का? मी म्हटलं, नाही, पण पाणी थांबलंय. त्यांच्याकडे पाणी थांबल्याची नोंद करायला रकाना नसावा. रस्ता बंद झाला की कळवा, म्हणाले. मला त्या माणसाचा राग नाही, त्याला जे विचारायला शिकवलंय ते त्याने विचारलं. पण घाटातली सगळी व्यवस्था दरड पडल्यानंतर जागी होते: जेसीबी, बंदोबस्त, बातमी. पडण्याआधीचा तास कोणाच्याच ताब्यात नाही.

दुसरी वाट घ्यावी म्हटलं तर चंदगडकडून तिलारी घाट. लांबचा वळसा, आणि तो उतार आंबोलीहून तीव्र. त्या पावसात तिकडे जाणं म्हणजे एका भीतीतून उठून दुसरीत बसणं. म्हणून थांबलो. दर वीस मिनिटांनी एकटा चालत जाऊन लांबून मोरी बघून येत होतो. मध्ये कितीतरी गाड्या उतरून गेल्या. सुरुवातीला प्रत्येकाला हात करत होतो, नंतर नंतर नुसता उभा राहिलो. काही जणांना वाटलं मी लिफ्ट मागतोय.

पावणेसातच्या सुमाराला पाणी आलं. आवाज नाही, लोंढा नाही. आधी पालापाचोळा, मग लाल गढूळ पाणी, मग हळूहळू नेहमीसारखं वाहायला लागलं, जणू कोणी वर नळ सोडला. अर्धा तास आणखी बघितलं आणि उतरलो. दाणोलीपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वे सावकाश चालते, गाड्या उशिरा धावतात, तेवढी एक आशा होती. त्या दिवशी कोकणकन्या वेळेत येऊन गेली होती. खासगी बसची सहा तिकिटं त्यांनी महागात घेतली. आजोबा उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. साहेबांनी मागे पाहिलं नाही.

टूरवाल्यांनी त्या तिकिटांचे पैसे माझ्या हिशेबातून कापले. ते गेले, ठीक. पण मोबाइलवर एक तारा देऊन शेरा आला, त्यात एक शब्द होता: घाबरट. तेवीस वर्षं घाट चालवतोय. रात्री-अपरात्री बाळंतिणी उतरवल्यात, एकदा तर ब्रेक गेलेली गाडी गिअरवर दाणोलीपर्यंत आणली आहे. तो शब्द मी अनेकदा उघडून वाचला. खरं सांगायचं तर त्याने मला कमी लागलं असतं, जर मला आतून माहीत असतं की मी बरोबर होतो.

दिवाळीनंतर, ओहोळ कोरडा झाल्यावर, आंबोलीतल्या एका ओळखीच्या माणसाला घेऊन वर चढलो. मला बघायचंच होतं. रस्त्यापासून बरंच वर, दोन कातळांच्या मध्ये एक जांभळीचं झाड मुळासकट आडवं पडलेलं होतं. त्याच्या फांद्यांत दगड, पाला आणि माती गच्च बसलेली. मागे खोलगट जागा, आणि कातळावर चिखलाची रेघ. उभा राहून पाहिलं तर माझ्या कमरेला लागली. एका बाजूने माती वाहून वाट झाली होती, तिथून पाणी निघून गेलं असणार.

म्हणजे पाणी अडलं होतं. पण कमरेएवढं. तेवढं पाणी आणि ते झाड एकदम सुटलं असतं, तर मोरीवरच्या गाडीचं काय झालं असतं? सोबतचा म्हणाला, गाडी दरीत. मग म्हणाला, नाहीतर नुसती धुऊन निघाली असती. आम्ही दोघे तिथे बराच वेळ बसलो, एकमत झालं नाही.

मला भीती खरी वाटत होती, तर मी माझी गाडी रस्त्यात आडवी का घातली नाही? चाळीस माणसं माझ्यासमोरून गेली. आणि तेवढी खात्री नव्हती, तर सहा माणसांची गाडी कोणत्या हक्काने चुकवली? दोन्हीची उत्तरं मी वेगवेगळ्या रात्री वेगवेगळी दिली आहेत. पाहुणे माझ्या जबाबदारीचे, बस त्याच्या, हे एक उत्तर. ते देताना मला स्वतःचाच आवाज आवडत नाही.

तो एसटीचा ड्रायव्हर मला हिवाळ्यात सावंतवाडी स्टँडवर भेटला. मी ओळख दिली नव्हती, त्यानेच दिली. म्हणाला, "तू बोललंस ता मी ऐकलंय. पण पुढे गेलंय नि मोरीरच अडाकलंय. मागे घेवची तर मागे चार गाडये. चाळीस माणसां. मी काय केलंय म्हायती? दरवाजो उघडून ठेवलंय." दार उघडं असेल तर काही जण उडी मारू शकतील, एवढंच त्या पाच मिनिटांत त्याला सुचलं होतं. कंडक्टरलाही त्याने कारण सांगितलं नव्हतं. मग चहाचा कप ठेवत म्हणाला, "पुढल्या टायमाक हात करू नको. गाडी आडवी घाल. मी थांबतलंय."

मी बरं म्हटलं. पण धुक्यात वळणावर गाडी आडवी घालणं म्हणजे वरून उतरणाऱ्या गाडीपुढे आपल्याच पाहुण्यांना ठेवणं. म्हणून नंतर एका सकाळी रिकाम्या रस्त्यावर जाऊन चालत मोजलं. मोरीच्या वर नव्वद पावलांवर रस्ता थोडा सरळ आहे, एक बाजू रुंद आहे, आणि वरच्या वळणातून निघालेल्या गाडीला थांबायला तेवढं अंतर पुरतं. खालच्या बाजूला तशी जागा सव्वाशे पावलांवर. डिकीत आता चमकणारे लाल त्रिकोण ठेवतो, एक नाही, दोन. पाहुण्यांना आधी उतरवून डोंगराच्या नव्हे, कठड्याच्याही नव्हे, वरच्या मोकळ्या जागेकडे चालत पाठवायचं, मग गाडी आडवी. नव्वद पावलं मी अजूनही प्रत्येक खेपेला गाडीतून मनात मोजतो, आणि मग ओहोळाकडे बघतो.