सात आठवडे एका ड्रॉपडाउनपाशी

प्रोजेक्ट संपला म्हणून माझी पुण्यात हिंजवडीतली सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी गेली. खराडीतल्या नव्या नोकरीचं ऑफर लेटर हातात पडेपर्यंत साडेतीन महिने लागले. त्यातले सात आठवडे एकाच जागी गेले, आणि ते आठवलं की अजून डोकं तापतं. टेस्टिंगमधल्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहितेय.

मी बारा वर्षं टेस्टिंग करतेय. सुरुवात क्यूटीपीवर झाली, म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप तपासून देणाऱ्या एका टूलवर. हे टूल मूळचं मर्क्युरी कंपनीचं. एचपीने २००६ मध्ये मर्क्युरी विकत घेतली आणि पुढे टूलचं नावही बदलून यूएफटी झालं. मग वेबसाइट तपासणारं सेलेनियम, आणि अँग्युलर या फ्रेमवर्कवर बांधलेल्या एका प्रोजेक्टसाठी प्रोट्रॅक्टर हे टूल. प्रोट्रॅक्टर २०२३ मध्ये बंदच झालं. त्यात रात्री जागून लिहिलेल्या माझ्या स्क्रिप्ट (तपासणी आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) आज कुणाच्या कामाच्या नाहीत. त्याच प्रोजेक्टात कर्जाच्या पात्रतेसाठी मी कागदावर डिसिजन टेबल, म्हणजे कोणत्या अटी जुळल्या तर काय निर्णय याचा तक्ता, मांडलं होतं, ते मात्र पुढच्या दोन प्रोजेक्टांत जसंच्या तसं कामी आलं.

आता त्या ड्रॉपडाउनबद्दल, म्हणजे फॉर्ममधल्या पर्यायांच्या यादीबद्दल. एका कंपनीच्या पोर्टलवर अर्ज भरताना ‘मुख्य टूल’ निवडायचं आणि पुढच्या चौकटीत वर्षं टाकायची, दोन्ही सक्तीचं. मी प्लेराइट (सेलेनियमसारखंच, पण नवं टूल) निवडून खरं ते लिहिलं: एक वर्ष. दहा मिनिटांत नकाराची मेल. दहा मिनिटांत माझा रेझ्युमे कुणी उघडलाही नसणार! दुसऱ्या कंपनीत तेच, तिसऱ्या कंपनीतही तेच. टेस्ट डिझाइन, रिस्क ओळखणं, नेमका बग रिपोर्ट लिहिणं, यासाठी त्या फॉर्ममध्ये जागाच नव्हती.

मग कंपन्यांसाठी माणसं शोधणाऱ्या कन्सल्टन्सीचे फोन. एक फोन कुकरच्या शिट्ट्या होत असताना आला, मी गॅस बंद करून गॅलरीत गेले.

“मॅडम, प्लेराइटवर किती वर्षं?”

“एक. पण सेलेनियमवर सहा आहेत, आणि बँकिंगचं टेस्ट डिझाइन मी...”

“हो मॅडम, पण क्लायंटला पाच हवीत.”

फोन ठेवला गेला. मायक्रोसॉफ्टने प्लेराइट आणलं जानेवारी २०२० मध्ये. पाच वर्षं हवीत म्हणजे ते बाजारात आल्या आल्या ज्याने हातात घेतलं, असाच माणूस हवा. बारा वर्षांच्या कामाबद्दल त्या मुलाने एक प्रश्नही विचारला नाही. त्याच्यावर राग नाही, त्याच्यासमोर यादी होती. ती यादी बनवणाऱ्यावर आहे.

मैत्रीण म्हणाली, “अगं, पाच लिही ना, सगळे लिहितात.” मी नाही लिहिलं. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमधला चुकीचा डेटा पकडण्याचा पगार मी घेते. स्वतःच्या फॉर्ममध्ये तो कसा भरू?

एके ठिकाणी ऑनलाइन परीक्षेपर्यंत पोचले. तीस प्रश्न, त्यातले सव्वीस मेथडच्या, म्हणजे टूलमधल्या तयार आज्ञांच्या, नावांचे. ही नावं आपण कामाच्या वेळी डॉक्युमेंटेशनमध्ये बघतो, आता तर एआयसुद्धा स्क्रिप्ट लिहून देतं. वय १८ ते ६० चालतं, तर कोणती वयं टाकून तपासाल, असा प्रश्न फक्त एक होता. उत्तर सोपं, मर्यादेच्या आतली आणि लगेच बाहेरची वयं: १७, १८, ६०, ६१. परीक्षेत नापास झाले.

टूल शिकायला हवं, हे मात्र खरं. मी तीन आठवडे रोज संध्याकाळी दोन तास बसून प्लेराइटवरचा हात पक्का केला. बटण तयार होईपर्यंत ते आपलं आपण थांबतं, त्यामुळे सेलेनियममध्ये पदोपदी लिहावे लागणारे वेट, म्हणजे थांबण्याच्या सूचना, बरेच वाचतात. पण बटण दाबल्यावर काय व्हायला हवं, हे कोणतंच टूल सांगत नाही. ते शोधायची सवय असेल तर सेलेनियमवाल्याला प्लेराइट तीन आठवड्यांचं काम आहे. सवय नसेल तर पाच वर्षंही कमी पडतील.

सुटका झाली ती जुन्या टीम लीडमुळे. त्यांनी रेझ्युमे थेट मॅनेजरच्या हातात दिला. पोर्टलवर अडकला असाल तर आधी ओळखीचा माणूस शोधा, मी हे पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं. संकोचात वेळ गेला.

खराडीच्या इंटरव्ह्यूत सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. नाव, जन्मतारीख, रक्कम, सबमिट, एवढाच फॉर्म. “हा कसा तपासाल ते लिहा. वीस मिनिटं घ्या.” नावाला वीस अक्षरांची मर्यादा होती. मी ‘श्रीकृष्ण’ लिहिलं. आपल्याला अक्षरं तीन दिसतात, पण युनिकोडमध्ये (संगणकावर सगळ्या लिपींना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) ती नऊ चिन्हं होतात, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत २७ बाइट. मग ही वीसची मर्यादा नेमकी कशाची? रकमेत मी देवनागरी ५००० टाकले. सर्व्हरवर पायथन असेल तर त्याचं इंट (मजकुराची संख्या करणारं फंक्शन) ते आकडे मुकाट्याने घेतं, ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधलं (मजकुराचा नमुना तपासणारा नियम) बॅकस्लॅश-डी, म्हणजे ‘कोणताही अंक’, घेत नाही. म्हणजे ब्राउझर एक म्हणेल आणि सर्व्हर दुसरंच. जन्मतारखेत २९ फेब्रुवारी, १९०० आणि २००० दोन्ही सालं, कारण १९०० लीप वर्ष नव्हतं. सबमिट दोनदा पटकन दाबलं तर पैसे दोनदा जातील का?

सरांनी ‘श्रीकृष्ण’वर बोट ठेवून शेजारच्या डेव्हलपरला हाक मारली. पुढची चाळीस मिनिटं आम्ही तिघं त्यांच्याच फॉर्मबद्दल बोलत होतो. बाहेर पडले तेव्हा ऊर भरून आला होता. टूलचं नाव कुणीच काढलं नव्हतं.

पुढचं एचआर, कागदपत्रं वगैरे आठवड्यात आटोपलं.

एक सांगायचं राहिलं. रेझ्युमेच्या सुरुवातीला असलेली टूलची यादी मी खाली नेली आणि वर स्वतः पकडलेले तीन बग लिहिले: काय तुटलं, कसं सापडलं, सुटलं असतं तर कुणाचं नुकसान झालं असतं. क्लायंटचं नाव अर्थातच नाही. सरांनी इंटरव्ह्यूची सुरुवात त्यातल्या दुसऱ्या बगापासून केली होती.

इथे सध्या जुन्या सेलेनियम स्क्रिप्ट प्लेराइटवर न्यायचं काम चालू आहे. एकेक स्क्रिप्ट उघडून आम्ही आधी ‘ही नक्की काय तपासते?’ एवढंच लिहून काढतोय. काल दिवसभरात अकरा झाल्या, त्यातल्या चार काहीच तपासत नव्हत्या.