पूर्व भागातला पेंग्विन

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले आणि घरोघरचे चांगले चालते संगणक अचानक म्हातारे ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. २०१५ ची मशीन त्यात बसत नाही. तिच्यावर लिनक्स, म्हणजे पेंग्विनचं चिन्ह असलेली विंडोजऐवजी चालणारी फुकटची प्रणाली, मजेत चालते; त्यातही लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. पण सोलापुरात आधी हातात पेनड्राइव्ह घेऊ नये, स्क्रू ड्रायव्हर घ्यावा.

पूर्व भागात भिंतीपलीकडे यंत्रमाग धडधडत असतो. तिथल्या संगणकाच्या कॅबिनेटचं झाकण उघडा, हीटसिंकवर (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांवर) सुताच्या तुसाचा जाड थर सापडेल. हवा खेळत नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मे महिन्यातल्या दुपारी तर विचारूच नका. बदनाम होतं ते विंडोज! ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. मग जुन्या हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी ही वेगवान डिस्क बसवावी, आणि रॅम ४ जीबी असेल तर ८ करावी. ‘लिनक्स टाकलं आणि मशीन पळायला लागली’ या कौतुकात मोठा वाटा या एसएसडीचाच असतो. लिनक्सवाले ते सहसा कबूल करत नाहीत.

टाकणं अगदी सोपं. लिनक्स मिंटची सुमारे ३ जीबीची आयएसओ फाइल रूफस या विंडोजवरच्या छोट्या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहायची. त्यावरचे लग्नाचे फोटो आधी काढून ठेवा, सगळं पुसलं जातं. मशीन पेनड्राइव्हवरून सुरू व्हावी म्हणून चालू करताना डेलवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबायचं. लगेच इन्स्टॉल करू नका, पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय आणि आवाज तपासा. ब्रॉडकॉमचं कार्ड असेल तर वायफाय बहुधा दिसणारच नाही. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टिदरिंग चालू करा, मग ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घेता येतो. विंडोजही ठेवणार असाल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोज पुरतं बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. शिवाय विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं, कारण लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच इथली समजतं.

एचपी १०२० सारख्या छोट्या लेझर प्रिंटरला दर वेळी चालू झाल्यावर संगणकाकडून फर्मवेअर (त्याचा आतला प्रोग्रॅम) लागतं. एचपीलिप या लिनक्सवरच्या एचपीच्या ड्रायव्हरचं प्लगइन टाकलं की ते आपोआप जातं. पण घरात टॅली असेल, किंवा कोरलड्रॉमध्ये पत्रिका जुळवण्याचं काम चालत असेल, तर मुकाट्याने विंडोज राहू द्यावं. लिनक्सवरचं इंकस्केप हे चित्रांचं सॉफ्टवेअर कोरलड्रॉच्या बऱ्याच सीडीआर फाइली उघडतं, पण मजकूर जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला असेल तर वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. तो फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचा, त्याला लिनक्स तरी काय करणार?

या गावाला लिनक्स शोभतं ते कीबोर्डमुळे. घरात तेलुगू, शाळेत मराठी, अक्कलकोटकडच्या पाहुण्यांशी कन्नड, अशी इथली बोली. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट या भागात जाऊन ‘यूज सिस्टिम डिफॉल्ट्स’ची खूण काढा, मगच भर घालता येते. तिन्ही भाषांत कगप फोनेटिक निवडा. ही मांडणी मूळची कन्नडची, त्यामुळे के दाबला की तिन्ही लिप्यांत क उमटतो आणि एफ दाबला की पाय मोडतो. बदलायला आल्ट-शिफ्ट ठेवा. एका वेळी चारच लेआउट बसतात. इंग्रजी धरून जागा भरल्या. हिंदीचं मराठीवर भागतं. उर्दू हवी असेल तर मात्र आयबस हा टायपिंगचा वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागतो.